‘डूलॅली’चा ताप देवळालीच्या माथी कशाला?

इंग्रजांच्या बोलीत ‘डूलॅली’ असा एक जुना शब्द आहे. एखादा ‘डूलॅली’ झाला म्हणजे त्याचं डोकं फिरलं, तो भ्रमिष्टासारखा वागू लागला. शब्दाचा उगम नाशिकजवळच्या देवळालीत आहे, ही माहिती अधूनमधून ढकलपत्रांतून नव्याने फिरू लागते आणि लगेच दोन तट पडतात. एका तटाला अभिमान वाटतो: पाहा, इंग्रजीला आम्ही शब्द दिला! दुसऱ्याचा संताप होतो: आमच्या गावाचं नाव वेडेपणाला लावलं, कोशांतून काढून टाका. भांडण जोरात चालतं, पण दोन्ही तटांनी एकच गोष्ट न तपासता गिळलेली असते. देवळालीला म्हणे गोऱ्या सोजिरांसाठी, म्हणजे ब्रिटिश शिपायांसाठी, वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून हा शब्द. नाहीतर तिथल्या उन्हानं सोजिरांची डोकी फिरत, म्हणून. शब्द देवळालीवरून आला हे मला मान्य आहे. इस्पितळ आणि ऊन ही दोन्ही कारणं मात्र लंगडी आहेत. खरं कारण ब्रिटिश लष्कराच्या भरतीच्या नियमांत आणि मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींच्या वेळापत्रकात सापडतं.

आधी शब्द नीट पाहू. त्याचं जुनं, पूर्ण रूप ‘डूलॅली टॅप’ असं आहे. ‘त्याला डूलॅली टॅप झालाय’, असं सोजीर म्हणत. ‘टॅप’ म्हणजे ताप, ज्वर. पुढे हा ‘टॅप’ गळून पडला, कारण हिंदुस्थानात न राहिलेल्या इंग्रजाला त्याचा अर्थ लागेना. त्याच्या कानाला टॅप म्हणजे टिचकी किंवा पाण्याचा नळ. उरलं नुसतं ‘डूलॅली’. देवळालीचं डूलॅली कसं झालं, हेही अवघड नाही. इंग्रजी कागदोपत्री देवगिरीचं जसं ‘देओगिरी’ झालं, तसं देवळालीचं ‘देओलाली’ झालं: ‘व’चा ‘ओ’ आणि ‘ळ’चा ‘ल’. बोलताना इंग्रजानं आघात दिला मधल्या ‘ला’वर. आघात पुढे सरकला की आधीचे दोन स्वर चेपले जातात, म्हणून ‘देओ’चा ‘डू’ झाला. ही देवळाली म्हणजे नाशिकचा देवळाली कॅम्प, राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा नव्हे. हा घोळ ढकलपत्रांत झालेला दिसतो, म्हणून सांगून ठेवलेलं बरं.

आता इस्पितळाची कथा. ती मराठी माणसाला इतकी चटकन पटते, त्याचं कारण आपल्याच बोलण्यात आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला भरती करा’ असं आपण सर्रास म्हणतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्या शहराचं नाव तेव्हापासून या एका वाक्यापुरतं वेडेपणाला चिकटलं. हिंदी मुलखात आग्रा आणि रांची यांच्या वाट्याला हेच आलं. इंग्रजीतही तसं घडलेलं आहे: लंडनच्या बेथलेम इस्पितळाचा अपभ्रंश ‘बेडलॅम’ आणि त्याचा आजचा अर्थ बेबंद गोंधळ. तेव्हा गावाचं नाव आणि वेड यांच्यामध्ये इस्पितळ असणारच, हे अनुमान अगदीच हवेतलं नाही.

पण याच तर्कानं इंग्रजांनी स्वतःला एकदा चकवलेलं आहे. ‘बार्मी’ हा त्यांचा दुसरा शब्द, अर्थ तोच, डोकं फिरलेला. केंट परगण्यात बार्मिंग हीथला वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून ‘बार्मी’, असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात. ते इस्पितळ १८३३ सालचं आणि ‘बार्मी’ त्याच्या कितीतरी आधीचा. बिअर आंबताना वर जो फेस येतो तो ‘बार्म’. फेसाळलेला तो बार्मी, आणि ज्याच्या डोक्यात फेसच भरलाय तोही बार्मी. शब्द आधीपासून होता, इस्पितळ नंतर बांधलं गेलं, आणि लोकांनी दोघांची गाठ मारून टाकली. नावातलं साम्य आणि इस्पितळाचं अस्तित्व या दोन गोष्टी जुळल्या तरी व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. तारखाही जुळाव्या लागतात.

मग देवळालीच्या तारखा काय सांगतात? देवळालीचा तळ १८६१चा. तो विलायतेहून येणाऱ्या आणि विलायतेला परतणाऱ्या सोजिरांना काही दिवस ठेवण्यासाठी उभारला होता. मनोरुग्ण सोजिरांची व्यवस्था मुंबईत कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळात होती. परत पाठवलेल्यांसाठी इंग्लंडात आधी हॅकनीचं पेम्ब्रोक हाउस होतं, १८७० पासून ईलिंगचं रॉयल इंडिया असायलम आणि नेटलीच्या लष्करी रुग्णालयातला ‘डी ब्लॉक’. म्हणजे वेड लागलेल्या सोजिराच्या प्रवासातले मोठे टप्पे कुलाबा आणि नेटली होते. इस्पितळामुळेच शब्द घडायचा असता तर तो ‘कुलाबा टॅप’ झाला असता. प्रतिपक्षाचा एक मुद्दा मी मानतो: महायुद्धांच्या काळात देवळालीला मोठी लष्करी रुग्णालयं होती आणि युद्धानं मन कोलमडलेले रुग्णही तिथे येत असणार. पण त्यानं फार तर आधीच रुळलेल्या शब्दाला बळ मिळालं असेल. ज्या सोजिरांनी हा शब्द वापरला ते महायुद्धाच्या आधीच देवळालीहून बोटीवर चढलेले होते.

उन्हाची कथा त्याहून पातळ आहे. ती सांगणाऱ्यानं देवळाली पाहिलेली नसते. गाव कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या हवापालटासाठी तिथे जात आले. पारशी आणि गुजराती समाजांची आरोग्यधामं तिथे उभी राहिली ती काही डोकी फिरवण्यासाठी नव्हे. लष्करालाही सोजिरांना बंदरावरच्या गर्दीत, रोगराईत न ठेवता घाटावर ठेवणं परवडत होतं. बोट लागली की रेल्वेनं खाली आणायचं. एप्रिल-मेमध्ये नाशिकलाही पारा चाळिशीला टेकतो, हे खरं. पण ऊनच कारण असतं तर मुलतान, जेकबाबाद, झाशी इथल्या छावण्यांवरून असे शब्द का पडले नाहीत? तिथला उन्हाळा देवळालीच्या कैक पटींनी जीवघेणा.

तर मग देवळालीत वेगळं काय होतं? वाट पाहणं. आणि ही वाट किती लांबायची हे तीन गोष्टींवर ठरत असे. पहिली, भरतीचा नियम. १८७० पर्यंत सोजीर लांब मुदतीसाठी भरती होत, आणि अनेकांची हयात लष्करातच जात असे. युद्धमंत्री कार्डवेल यांच्या त्या वर्षीच्या कायद्यानं बारा वर्षांची मुदत दोन भागांत विभागली: काही वर्षं प्रत्यक्ष पलटणीत, उरलेली घरी राहून राखीव दलात. हिंदुस्थानात असलेल्यांची पलटणीतली वर्षं पुढे साधारण सात-आठ ठरली. त्यामुळे मुदत संपून घरी निघालेल्या सोजिरांचा लोंढा दरसाल सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात गोरी फौज सत्तर हजारांच्या आसपास होती. सात-आठ वर्षांनी भागाकार करून मेलेले आणि मुदत वाढवून घेतलेले वजा केले, तरी वर्षाला हजारोंच्या संख्येनं माणसं हलवायची होती.

दुसरी गोष्ट बोटी. १८६६-६७ पासून क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरॅपिस या पाच सरकारी बोटी खास या कामाला होत्या. एका बोटीत साधारण हजार-बाराशे सोजीर मावत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि पोर्ट्‌समथहून निघालेली बोट थेट मुंबईला येऊ लागली. पुढे या बोटी मोडीत निघाल्या आणि भाड्याच्या बोटींवर काम चाललं. पण बोटी कोणाच्याही असोत, तिसऱ्या गोष्टीवर इलाज नव्हता: हंगाम. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात लोखंडी बोटीच्या पोटात हजार माणसं कोंबणं म्हणजे प्रेतं मोजण्याची तयारी करणं, आणि जूनपासून अरबी समुद्र खवळलेला. म्हणून सोजिरांची ने-आण साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढीच चाले. आता एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये संपली आणि हंगामातली शेवटची बोट मार्चमध्येच निघून गेली असेल, तर त्यानं काय करायचं? पुढच्या हंगामाची वाट पाहायची. अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा.

हे सगळं जवळून पाहिलेल्या एका सोजिराची साक्ष उपलब्ध आहे. रॉयल वेल्च फ्युजिलियर्सचा साधा शिपाई फ्रँक रिचर्ड्‌स विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ साली निघालेल्या आठवणींत तो देवळालीबद्दल लिहितो. मुदत संपलेल्यांकडे तिथे शस्त्रं नसत, रोजची कवायत नसे. अधूनमधून सामानाची तपासणी आणि एखादी लांबची पायपीट, एवढंच काम. बाकी दिवस मोकळा. वर्षानुवर्षं स्वच्छ नोंद राखलेले सोजीर घरी जायच्या तोंडावर काहीतरी करून बसत आणि बोटीऐवजी तुरुंगात जात. कोणी गुप्तरोग लावून घेई आणि इस्पितळात पडून राही. विचित्र वागणाऱ्याला ‘डूलॅली टॅप झालाय’ म्हणण्याची रीत या कंटाळ्यातूनच आली असावी, असं तो म्हणतो. कारण म्हणून तो इस्पितळाचं किंवा उन्हाचं नाव घेत नाही. पलटणीत ज्याचा मिनिट न्‌ मिनिट बिगुलानं बांधलेला असतो, त्याच्या हातून बंदूक काढून घ्यायची, खिशात पगार ठेवायचा आणि तारीख न सांगता ‘थांब’ म्हणायचं, तर दुसरं काय व्हायचं?

लष्करी तळाचं नाव असं वाक्प्रचारात शिरण्याचे आणखी दोन दाखले आहेत आणि दोन्हींत इस्पितळाचा संबंध नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात नालायक ठरलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना आघाडीवरून काढून केप वसाहतीतल्या स्टेलेनबॉशच्या तळावर पाठवत. त्यावरून एखाद्याला ‘स्टेलेनबॉश करणं’ म्हणजे बाजूला सारणं. १९१४ साली फ्रेंच सरसेनापती जोफ्र यांनी अपयशी सेनापतींना लिमोजला धाडलं, आणि फ्रेंचमध्ये पदावरून हटवण्यासाठी आजही ‘लिमोजे’ हेच क्रियापद चालतं. स्टेलेनबॉशला द्राक्षांचे मळे आहेत, लिमोजला चिनी मातीची भांडी होतात. दोन्ही गावांचा गुन्हा एवढाच, की लष्कराला नकोशी किंवा रिकामी माणसं ठेवायला जागा हवी होती. देवळाली याच रांगेतली.

या मांडणीवर सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो दोन्ही तटांनी घेतलेला दिसत नाही. तळ १८६१चा, सोजिरांच्या बोलीच्या ज्या कोशात शब्द ठळकपणे भेटतो, तो फ्रेझर आणि गिबन्स यांचा कोश १९२५चा. रिचर्ड्‌सचं पुस्तक त्याहून उशिराचं, आणि तोही ‘मला वाटतं’ अशा अंगानंच बोलतो. मधल्या साठेक वर्षांचं काय? नंतर रचलेली गोष्ट कशी दिसते? अगदी अशीच दिसते. याचं नामांकित उदाहरण पुन्हा मुंबईच्याच बंदरातलं आहे. ‘पॉश’ हा शब्द पी अँड ओ कंपनीच्या बोटींवरून आला, असं म्हणतात. हिंदुस्थानात येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली सावलीत असे, ती महाग, आणि श्रीमंतांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का मारत. भूगोल बिनचूक आहे: बोट तांबड्या समुद्रातून आग्नेयेला आणि मग पूर्वेला चालली की दुपारचं ऊन उजवीकडूनच येणार. तरीही गोष्ट खोटी. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. ही कथा छापून आली ती १९३५च्या सुमारास, आणि त्याआधी १८९०च्या आसपासच्या बोलीकोशांत ‘पॉश’ पैसा आणि छानछोकी करणारा माणूस या अर्थांनी नोंदलेला होता. शिवाय आद्याक्षरांचा शब्द करून तो बोलण्यात वापरायची सवयच पहिल्या महायुद्धाआधी जवळपास नव्हती.

मग ‘पॉश’ला जी कसोटी लावली ती ‘डूलॅली’ला लावल्यावर तो का टिकतो? पहिलं, ‘पॉश’ला प्रतिस्पर्धी मूळ आहे, ‘डूलॅली’ला नाही. बोटींच्या कथेच्या आधीचा ‘पॉश’ दाखवता येतो. देवळालीच्या तळाआधीचा ‘डूलॅली’ कोणी दाखवलेला नाही. दुसरं, ‘टॅप’. नुसता ‘डूलॅली’ असता तर तो ‘ला-ला-ला’सारखा पोकळ नाद असू शकला असता, पण त्याला तापाचा हिंदुस्थानी शब्द जोडलेला आहे, आणि तो जोड इंग्लंडातल्या गल्लीत बसून कोणाला सुचणार नाही. तिसरं, वाहक. शब्द कोणी नेला हे सांगता यायला हवं. इथे ते सांगता येतं: मुदत संपलेले हजारो सोजीर दरसाल त्या एकाच गाळणीतून बाहेर पडत होते, आणि घरी पोचण्यापूर्वी हिंदुस्थानातला त्यांचा शेवटचा मुक्काम तोच. लेखी नोंद उशिरा सापडते, कारण सोजिरांची बोली छापायला कोणी तयारच नव्हतं. पहिल्या महायुद्धात लाखो लिहितेवाचते तरुण खंदकांत जुन्या सोजिरांशेजारी बसले, तेव्हा ‘ब्लायटी’ (विलायती), ‘डेको’ (देखो), ‘चार’ (चहा) असे शब्द एकदम पत्रांत, विनोदांत आणि मग कोशांत आले. ‘डूलॅली’ त्याच पुरानं वर आला.

अभिमानवाल्यांना इथेच थांबवायला हवं. ‘टॅप’ म्हणजे आपला मराठी ‘ताप’, असं ते ठासून सांगतात, कारण आपल्याकडे ‘डोक्याला ताप’ आहेच. जुळणी मोहक आहे. पण सोजीर मराठी शिकत नव्हता. लष्कराची बोली हिंदुस्थानी होती, आणि हिंदुस्थानीत फारसीकडून आलेला ऱ्हस्व ‘तप’ हाच ज्वराचा रोजचा शब्द. क्षयाला ‘तपेदिक’ म्हणतात त्यातला. इंग्रजी ‘टॅप’चा ऱ्हस्व स्वर त्याच्याशी जास्त जमतो. मराठी ‘ताप’ आणि फारसी ‘तप’ दूरचे भाऊ आहेत, एवढ्यावर समाधान मानावं. म्हणजे गावाचं नाव मराठी, रोगाचं फारसी-हिंदुस्थानी आणि शब्द घडवणारा वेल्समधला किंवा लंडनमधला कामगाराचा पोर. यात आपण ‘दिलं’ काय? लूट हा शब्दही इंग्रजीत इथूनच गेला. तो आपण भेट दिला, असं कोणी म्हणत नाही.

अपमानवाल्यांचं दुखणं मला अधिक खरं वाटतं. मानसिक आजाराची टिंगल करणारा शब्द आपल्या गावाच्या नावाचा असावा, हे कोणाला आवडेल? कायद्यानं आपली भाषा बदलली: १९१२च्या कायद्याच्या नावात ‘ल्यूनसी’ होतं, १९८७च्या आणि २०१७च्या कायद्यांत मानसिक आरोग्य आलं. मग रस्त्यावरचे शब्द का बदलू नयेत? जिवंत माणसाच्या तोंडावर ‘डूलॅली’ म्हणू नये, हे मान्य. तसंच ‘ठाण्याला पाठवा’ हेही म्हणू नये, आणि ते थांबवणं आपल्या हातात आहे, ऑक्सफर्डच्या नाही. पण कोशातून शब्द काढल्यानं देवळालीचं काय भलं होणार? आज तिथे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, शेजारी सावरकरांचं भगूर आहे, आणि देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहूनच दानापूरला सुटली. गावाची अब्रू एका इंग्रजी टवाळ शब्दावर टांगलेली नाही. आणि शब्द काढला तर हजारो माणसांना तारीख न सांगता ताटकळत ठेवणाऱ्या लष्करी कारभाराविरुद्ध साध्या सोजिरांनी नोंदवलेली तक्रारही पुसली जाईल.

काही करायचंच असेल तर कोशकारांकडे शब्द काढण्याची मागणी न करता नोंद सुधारण्याची करावी. ‘देवळाली, जिथे वेड्यांचं इस्पितळ होतं’ असं जिथे जिथे छापलं आहे, तिथे पुरावा मागावा: कोणत्या सालचं इस्पितळ, किती खाटा, कोणत्या वार्षिक अहवालात नोंद? तो मिळेपर्यंत नोंद अशी असावी: ‘देवळाली, नाशिकजवळ १८६१ साली स्थापन झालेला लष्करी मुक्कामतळ, परतीच्या बोटीची वाट पाहणाऱ्या सोजिरांच्या वागण्यावरून.’ छावणी मंडळाला स्टेशनबाहेर पाटी लावायची असेल, तर तिच्यावरही एवढाच मजकूर आणि खाली बोटींचा हंगाम: ऑक्टोबर ते मार्च.